मेंदूतल्या फुग्याचा स्टेंट आणि गुठळीची भीती: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मेंदूतल्या नसेला येणाऱ्या फुग्याबद्दल, म्हणजे ॲन्युरिझमबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा आणि मेसेजचा ढीगच लागला. बहुतेकांना एकच विचारायचंय, स्टेंट, म्हणजे नसेच्या आत बसवायची जाळी, टाकताना नाहीतर टाकल्यावर गुठळी झाली तर काय, आणि ती होणार का हे आधी कळतं का. म्हणून यावेळचं पान सगळं त्यालाच. पत्रं थोडी कापलीयेत, नावं मुद्दाम टाकली नाहीत.

मानेवाड्याहून एक सूनबाई लिहितात: नमस्कार मॅडम. माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. डोकं दुखते म्हणून एमआरआय केला तर डोळ्याच्या मागच्या नसेवर ७ मिलीमीटरचा फुगा निघाला, फुटलेला नाही. रामदासपेठेत दाखवलं. डॉक्टर म्हणतात फुग्याचं तोंड रुंद आहे, नुसत्या कॉइल (फुगा आतून भरायच्या बारीक तारेच्या गुंडाळ्या) आत थांबणार नाहीत, स्टेंट लागेल. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आठ दिवस आधीपासून सुरू केल्या आणि आता पीआरयू नावाची टेस्ट सांगतली. दीर म्हणतात बिल वाढवायचे धंदे आहेत. मला तर हेच समजून नाही राहिलं की डोक्यात फुगा असताना रक्त पातळ करायचं तरी काऊन? आणि गुठळीचा धोका किती हे कोणी नीट सांगून नाही राहिलं.

ताई, रक्त पातळ काऊन करायचं हे आधी घेते, कारण हा प्रश्न ओपीडीत रोज कोणीतरी विचारतंच आणि बिचारे घाबरत घाबरत विचारतात. फुगा फुटतो तो नसेची भिंत तिथं कमजोर झालेली असते म्हणून, रक्त पातळ झालं म्हणून नाही. आणि पातळ हा आपला बोलायचा शब्द आहे हो, ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलनं रक्ताचं पाणी होत नाही, रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटायच्या कमी होतात, बस. हां, गोळ्या सुरू असताना फुगा फुटलाच तर रक्त थांबायला जड जातं, ते खोटं नाही, म्हणूनच या गोळ्या प्रोसिजरच्या आठ-दहा दिवस आधी सुरू करतात, दोन-चार महिने आधी नाही. थोडं धीरानं घ्या. मोठ्या माणसांत शंभरात जवळपास ३ जणांच्या डोक्यात असा न फुटलेला फुगा असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही.

आता गोळ्या लागतातच कशाला ते सांगते. स्टेंट म्हणजे निकेल-टायटॅनियमसारख्या धातूची केसाइतक्या बारीक तारेची जाळी, ती नसेच्या आत कायमची बसते आणि कॉइलला फुग्याच्या बाहेर घसरू देत नाही. रक्ताला मात्र ती परकी वस्तू. जाळीवर नसेचं आतलं अस्तर चढायला काही आठवडे ते काही महिने लागतात, तोपर्यंत प्लेटलेट तिला जखम समजून येऊन चिकटू बघतात. हृदयाच्या स्टेंटचंही हेच गणित आहे, पण मेंदूच्या या नसा २ ते ४ मिलीमीटरच्या आणि त्यांच्या पुढे माणसाचं बोलणं, उजवा हात, नजर असं सगळं बसलेलं असतं. तिथं तिळाएवढी गुठळी पण जागा बघून बसली तर घर हलवते.

धोका किती हे बघताना आम्ही तीन गोष्टी एकत्र धरतो. आधी माणूस. वय, शुगर, बीपी, तंबाखू, पूर्वी कधी लकव्याचा झटका आलेला का. मग फुगा आणि नस. तोंड ४ मिलीमीटर किंवा त्याच्या वर असेल तर त्याला आम्ही रुंद म्हणतो, नस किती वाकडीतिकडी आहे, फुग्याच्या तोंडातूनच एखादी फांदी निघते का, एक स्टेंट पुरेल की दोन टाकावे लागतील, वळणावर जाळी भिंतीला नीट टेकेल की मध्ये फट राहील (ही फट फार वाईट, तिथं रक्त रेंगाळतं आणि रेंगाळलेलं रक्त गोठतं). जाळी किती दाट आहे हे पण बघावं लागतं. कॉइलला आधार देणाऱ्या साध्या स्टेंटमध्ये धातू नसेच्या भिंतीचा दहा टक्क्यांच्या आसपास भाग झाकतो, फ्लो डायव्हर्टर नावाची जी दाट जाळी असते ती ३० ते ३५ टक्के झाकते, म्हणजे धातू जास्त आणि गोळ्यांची जबाबदारी पण जास्त. तुम्हाला यातलं नक्की कोणतं टाकणार आहेत ते विचारून घ्या, लोक दोन्हीला स्टेंटच म्हणतात आणि मग गोळ्या किती दिवस यावरून घरी भांडणं होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे दिलेली गोळी त्या माणसाच्या रक्तात काम करून राहिली का. वय बदलता येत नाही, नसेचं वळण बदलता येत नाही, पण ही गोष्ट तपासता पण येते आणि बदलता पण येते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ती टेस्ट लिहिली.

क्लोपिडोग्रेल ही गोळी पोटात जाते ती कच्चीच. गहू आणले म्हणून पोळी होत नाही, आधी गिरणीत दळावे लागतात, तसंच. लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम ही ती गिरणी. काही लोकांची ही गिरणी जन्मापासूनच मंद असते, ते जीन्समध्येच येतं, आणि आपल्या भारतीय लोकांत हे प्रमाण युरोपातल्या लोकांपेक्षा जास्त आहे. अशा माणसानं गोळी रोज वेळेवर घेतली तरी प्लेटलेट तशाच चिकट राहतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, ना थकवा ना दुखणं ना काही. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशाराच छापायला लावला याबद्दल.

पीआरयू टेस्टमध्ये थोडं रक्त मशीनमध्ये टाकतात आणि काही मिनिटांत आकडा येतो. आकडा मोठा म्हणजे प्लेटलेट अजून चिकट आहेत, गोळी लागू पडली नाही. आकडा लहान म्हणजे गोळी जोरात चालू आहे. हृदयवाले २०८ ही वरची रेघ धरतात, मेंदूच्या कामात काही सेंटर २०० धरतात काही २४०, आणि ६० च्या खाली गेलं तर उलटी काळजी, रक्तस्रावाची. म्हणजे आकडा मधे कुठंतरी पाहिजे. अजून एक, सासूबाईंचं हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. आपल्याकडच्या बायकांचं ८-९ वर असलं तरी त्या कामं करतच असतात आणि कोणी बघत नाही, पण रक्त कमी असलं की या मशीनवर आकडा असतो त्यापेक्षा मोठा दिसू शकतो, गोळी बरोबर चालू असली तरी. मग उगाच औषध बदललं जातं.

आकडा खरंच मोठा आला तर घाबरायचं नाही. आधी विचारायचं की गोळ्या खरंच रोज पोटात गेल्या का (अर्ध्या वेळा उत्तर इथंच सापडतं). मग टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेलवर नेतात. टिकाग्रेलॉरला गिरणी लागत नाही, ती थेट काम करते, पण दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना त्यानं दम लागल्यासारखं होतं. प्रासुग्रेल पूर्वी लकवा होऊन गेलेल्याला देत नाहीत.

आता दिरांचं. त्यांचा संशय अगदीच हवेतला नाही बरं का. हृदयाच्या स्टेंटमध्ये टेस्ट बघून औषध बदललं तर फायदा होतो का यावर ग्रॅव्हिटास आणि आर्क्टिक असे दोन मोठे अभ्यास २०११ आणि २०१२ मध्ये आले आणि त्यात फायदा दिसला नाही, म्हणून चांगले चांगले डॉक्टर पण ही टेस्ट सगळ्यांना करत नाहीत. पण मेंदूच्या बाबतीत मी स्वतः टेस्टच्या बाजूची आहे आणि ते लपवत नाही. हृदयात थोडं कमी-जास्त झालं तर अर्धा-पाऊण तास हातात असतो, इथं माणूस टेबलवरून उठतो तेव्हा बोलता येत नसतं. एवढ्या मोठ्या कामात ती एक टेस्ट मला महाग वाटत नाही. दिरांना हे वाचायला द्या, रागावू नका त्यांच्यावर, बिलाची काळजी पण घरातलाच माणूस करतो.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे नसेत नळी घालून हे काम करतात त्या खोलीत, काय होतं ते पण सांगते म्हणजे बाहेर बसलेल्यांना वेळ का लागतो ते समजेल. जांघेतून किंवा मनगटातून नळी वर नेतात. नळीतून सतत हेपरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं, सलाईन चालू असतं आणि आमच्या सिस्टर ती लाईन बोटाच्या नखानं टकटक वाजवत बसलेल्या असतात, कशाला, तर आत मोहरीएवढा पण हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून. नवीन मुलींना मी सगळ्यात आधी हेच शिकवते. मग दर थोड्या वेळानं एसीटी, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते, एरवी ते दोन मिनिटांच्या आसपास असतं, स्टेंट टाकताना आम्ही २५० ते ३०० सेकंदांपर्यंत नेऊन ठेवतो. आणि स्टेंट उघडला की लगेच आवरायचं नाही, दहा-वीस मिनिटं थांबायचं आणि परत फोटो घ्यायचे. गुठळी जमत असेल तर याच वेळात जाळीच्या कडेला धुरकट पुसल्यासारखं दिसतं. दिसलं की तिथंच नळीतून टिरोफिबानसारखं औषध देतात आणि बरेचदा ते विरघळतं. बाहेर घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं, आतमध्ये डॉक्टर घड्याळाकडे बघत उभे असतात एवढंच.

आता धोक्याचा आकडा. अशा कामात गुठळीमुळे खरा त्रास, म्हणजे हातपाय किंवा बोलण्यावर परिणाम, हा शंभरातल्या थोड्याच जणांना होतो, एक आकडीच. पण ते सगळ्यांचं मिळून झालं, सासूबाईंचा धोका त्यांच्या फुग्यावर आणि त्यांच्या पीआरयूच्या आकड्यावर ठरणार. म्हणून डॉक्टरांना "धोका किती टक्के" असं विचारण्यापेक्षा असं विचारा की यांच्यात धोका वाढवणारं काय काय आहे, पीआरयू किती आला, आणि तो मनासारखा नसेल तर प्रोसिजर पुढे ढकलणार की गोळी बदलणार. फुटलेला फुगा नाहीये, चार दिवस पुढे गेलं तर बिघडत नाही.

हिंगण्याहून एक वाचक: मला तीन महिने झाले स्टेंट टाकून, एकदम ठणठणीत आहे. आता दाढ काढायची आहे, दातांचे डॉक्टर म्हणतात रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करून या. केमिस्टकडून ॲसिडिटीसाठी ओमेझ घेऊन राहिलो आणि दाढेच्या दुखण्याला कॉम्बिफ्लाम. चालते ना जी?

भाऊ, नाही चालत, तिन्ही नाही चालत, आणि हे वाचून होताच आधी ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना फोन करा.

गोळ्या बंद करायच्या का हे दातांचे डॉक्टर एकटे ठरवू शकत नाहीत, त्यांची चूक नाही, त्यांना तुमच्या डोक्यात काय बसवलंय ते माहीत नसतं. दोन्ही गोळ्या साधारण तीन ते सहा महिने चालतात, मग त्यातली एक, बहुतेक ऍस्पिरिन, बरेच दिवस, काहींना कायमची. तीन महिन्यांवर म्हणजे तुम्ही अगदी मधोमध आहात. या गोळ्या प्लेटलेटला तिच्या उरलेल्या आयुष्यासाठीच निकामी करतात आणि प्लेटलेट जगते सात ते दहा दिवस, म्हणजे पाच दिवस बंद केल्या तर तोवर निम्म्या प्लेटलेट नव्या, ताज्या, चिकट. एक दाढ काढायला बहुतेक वेळा गोळ्या बंद कराव्याच लागत नाहीत, जागेवर दाबून, टाका घालून रक्त थांबवता येतं, आणि अगदीच नसेल जमत तर दाढ दोन महिने थांबू शकते, मेंदू नाही थांबत.

ओमेझ म्हणजे ओमेप्राझोल. वरच्या उत्तरात गिरणी सांगितली ना, ओमेप्राझोल त्याच गिरणीत जाऊन बसतं आणि क्लोपिडोग्रेलचं दळण अडवतं. पोटाला गोळी हवी, ती खरंच हवी कारण दोन गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, पण पॅन्टोप्राझोल बरं पडतं, ते डॉक्टरांकडून बदलून घ्या. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आहे, ते ऍस्पिरिनच्या जागेवर जाऊन बसतं आणि ऍस्पिरिनला काम करू देत नाही, शिवाय पोटाला वेगळंच लागतं. दुखलं तर साधं पॅरासिटामॉल. आणि पाकिटं उलटी करून बघा, काही कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेल आणि ऍस्पिरिन दोन्ही असतात, त्याच्यासोबत वेगळी इकोस्प्रिन पण चालू असेल तर ऍस्पिरिन दुप्पट जाऊन राहिलं आणि तुम्हाला पत्ताच नाही.

माझ्याकडे कामठीचे एक काकाजी होते. पुतणीच्या लग्नात तीन दिवस गेले, गोळ्यांचा डबा घरी टीव्हीवर राहिला, मे महिना, ४५ च्या वर ऊन, पाणी कमी, धावपळ जास्त. चौथ्या दिवशी सकाळी तर्री पोह्याची प्लेट हातात घेतली आणि ती डाव्या हातातून अशी हळूहळू तिरपी होत गेली, तर्री सदऱ्यावर सांडली, आणि त्यांना कळतच नव्हतं की सांडून राहिली. नातवानं बघितलं म्हणून वाचले, तासाभरात दवाखान्यात होते. आता हात चालतो पण बटण लावायला काकूच लागतात. म्हणून सांगते, गोळ्या खिशात ठेवा, बॅगेत नाही, बॅग गाडीत राहते. एक डोस विसरला तर आठवला की घ्या, पण पुढच्या डोसची वेळ झालीच असेल तर दोन एकदम नाही. तोंड वाकडं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, एका डोळ्यासमोर अंधार, यातलं काहीही झालं, पाच मिनिटांत आपोआप बरं झालं तरी, १०८ ला फोन लावायचा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्यायचं. झोप काढून बघू म्हणायचं नाही.

सक्करदऱ्याहून: आमचे हे सिगारेट ओढत नाहीत, नुसता खर्रा खातात. स्टेंटच्या आधी डॉक्टरांनी तंबाखू सोडा म्हटलं ते सिगारेटवाल्यांसाठीच ना?

नाही ताई. फुगा वाढायला आणि फुटायला सिगारेट कारण आहे याचा पुरावा सगळ्यात पक्का आहे, पण खर्ऱ्यातला निकोटिन पण बीपी वर नेतो आणि नसा आवळतो, आणि ज्या नसेत जाळी बसवायची ती आवळलेली आम्हाला नको. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली तरी टपरीवर पन्नीत घोटून खर्रा मिळतोच, मला माहीत आहे ते किती अवघड आहे, माझ्या वडिलांनी दोनदा सोडला आणि दोनदा परत धरला, तिसऱ्यांदा सुटला. मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तंबाखू सोडण्याबद्दल विचारा, निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या पण मिळतात, त्या डॉक्टरांना विचारूनच.

इतवारीतून एक मुलगा लिहितो: वडिलांना स्टेंट टाकला, ते चांगले आहेत, दुकानात बसतात, हिशोब करतात. पण दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये तीन-चार छोटे ठिपके, ताजे इन्फार्क्ट (रक्त न पोचून मेलेली जागा) असं लिहून आलं. डॉक्टर म्हणाले चालतं. मला रात्री झोप नाही येऊन राहिली.

बेटा, तुझे डॉक्टर बरोबर सांगून राहिले. नसेतून नळ्या-तारा फिरल्यावर अगदी बारीक कण पुढे जातात, आणि डिफ्यूजन नावाचा एमआरआय इतका तिखट आहे की तो कण पण दाखवतो. असे ठिपके बऱ्याच जणांत निघतात आणि बहुतेकांना त्याचं काहीच जाणवत नाही. वडील हिशोब करतात ना, मग सगळ्यात मोठी तपासणी तीच. पण ठिपके बरेच असतील, किंवा ते विसरायला लागले, एखाद्या बाजूनं धडकायला लागले तर परत दाखव. पुढच्या भेटीत एवढं विचार की गोळीचा परिणाम तपासला होता का, नसेल तर आता तपासायचा का. रिपोर्ट रात्री परत परत वाचू नको.

वर्धा रोडवरून: माझ्या भावाचा फुगा फुटला होता, त्याची कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी बाहेरून क्लिप लावली. आता सगळे म्हणतात स्टेंटवालं केलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही चुकलो का?

नाही चुकलात, आणि ही खंत मनातून काढा. फुटलेल्या फुग्यात आम्ही शक्यतो स्टेंट टाळतोच. आधीच मेंदूभोवती रक्त सांडलंय, कित्येकदा पाणी काढायला डोक्यात नळी घालावी लागते, आणि स्टेंट टाकला की त्याच वेळी दोन-दोन गोळ्या द्याव्या लागतात. एका बाजूला गुठळी, दुसऱ्या बाजूला परत रक्तस्राव, दोन्हीकडून ओढाताण. नुसती कॉइल जमत असेल तर ती, नाहीतर क्लिप. २००२ च्या आयसॅट नावाच्या मोठ्या अभ्यासानंतर कॉइल जास्त व्हायला लागली हे खरं, पण प्रत्येक फुगा कॉइलचा नसतो. क्लिप लागली, फुगा बंद झाला, भाऊ घरी आला. सल्ले देणारे त्या रात्री आयसीयूच्या बाहेर नव्हते.

धंतोलीहून, एका ओळीत: स्टेंट असताना पुढे एमआरआय करता येतो का आणि विमानतळावर वाजतो का?

विमानतळावर वाजत नाही, एवढासा धातू असतो. एमआरआय मेंदूच्या या स्टेंटसोबत करता येतो, पण मशीन किती टेस्लाचं, म्हणजे किती ताकदीच्या चुंबकाचं, चालेल ते त्या त्या स्टेंटच्या कार्डवर लिहिलेलं असतं, म्हणून डिस्चार्जच्या वेळी ते कार्ड मागून घ्या आणि एमआरआयवाल्यांना आधी दाखवा. कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कार्ड हमखास हरवतं.